अप्पर सर्किटला टेकलेला शेअर: मागणी मोठी, की विकणारा गायब?

वाचकाचं पत्र

रामराम. मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी, वय ३१. सोयाबीन विकून हाती चाळीस हजार रुपये उरले आहेत. मिरगात बियाणं-खताला लागतील, तोवर मोकळेच आहेत. गावातल्या चार-पाच पोरांनी टेलिग्रामवरचा एक ग्रुप धरला आहे, तिथं एक शेअर सांगितला. नऊ दिवसांत २.४७ वरून ३.७८ रुपयांवर गेला, रोज अप्पर सर्किट. आरएसआय ८८ आहे, ओबीव्ही सारखा चढतो, डिलिव्हरी शंभर टक्के आणि खरेदीच्या बाजूला साडेचार लाख शेअर लागून आहेत, विकायला एकही नाही. ग्रुपवाले म्हणतात, एवढी डिमांड असल्यावर भाव पडतोच कसा? मी रोज सकाळी ऑर्डर टाकतो, लागत नाही. ही डिमांड खरी हाय का खोटी, थे ओयखाव कसं? कोणता इंडिकेटर पाहू? आणि ग्रुपची १,५०० रुपये फी भरू का?

— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर

भाऊ, तुम्ही दिलेले चारही आकडे खरेच असतील. अडचण वेगळी आहे. रोज सर्किटला (एका दिवसात भाव जिथवर जाऊ शकतो त्या ठरलेल्या मर्यादेला) जाणाऱ्या शेअरमध्ये हे आकडे असेच दिसतात, मग मागे घेणारे दहा हजार असोत नाहीतर दोघं. त्या भावाला आज विकायला कोणी नाही, एवढंच ते सांगतात. विकणारा का नाही आणि तो कधी येणार, हे त्यांच्यात कुठंच नाही. पेनी, म्हणजे अगदी कमी भावाच्या, शेअरमध्ये माणसं अडकतात ती नेमकी तिथं.

आधी आरएसआय. वेल्स वाइल्डरने १९७८ साली मांडलेलं हे माप साधारण १४ दिवसांतली सरासरी वाढ आणि सरासरी घसरण यांची तुलना करतं. फक्त भावांची. किती शेअर हलले याचा त्याच्या सूत्रात संबंधच नाही. रोज एकेकच शेअर सर्किटच्या भावाला विकला गेला असता तरी नवव्या दिवशी आरएसआय हाच आला असता. असंच आणखी काही दिवस चाललं तर तो ९५ च्या पुढं सरकेल, कारण जुन्या घसरणीचा उरलासुरला अंशही गणितातून झिजत जातो. त्याला 'ताकद' म्हणणं म्हणजे सर्किटचे दिवस मोजून त्यांना वेगळं नाव देणं.

ओबीव्हीत (ऑन बॅलन्स व्हॉल्यूम) व्हॉल्यूम, म्हणजे हललेल्या शेअरची संख्या असते, म्हणून तो जास्त भरवशाचा वाटतो. जोसेफ ग्रॅनव्हिलने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेली ही बेरीज-वजाबाकी आहे: आजचा बंद भाव कालच्यापेक्षा वर असेल तर दिवसाचा सगळा व्हॉल्यूम जमेला, खाली असेल तर वजा. तुम्ही व्हॉल्यूम लिहिलेला नाही, म्हणून एक नमुना घेऊ. सर्किट लागण्याआधी रोज १,२०,००० शेअर हलत होते; पहिल्या सर्किटला ६,०००, मग ४,०००, मग २,५०० आणि नवव्या दिवशी ९००. ओबीव्ही नऊही दिवस चढताच दिसेल. पण तो चढ जवळजवळ आडवा आहे, आणि मोबाइलच्या पडद्यावर रेघ ताणून बसवलेली असल्यामुळं ते डोळ्यांत येत नाही. ९०० शेअर गुणिले ३.७८ म्हणजे ३,४०२ रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे अख्ख्या बाजाराची त्या शेअरमधली दिवसाची उलाढाल एका क्विंटलाएवढीही भरत नाही, आणि तेवढ्यावर कंपनीच्या एकूण एक शेअरचा भाव ५ टक्क्यांनी वर लिहिला जातो. तेव्हा चार्टवरची ओबीव्हीची रेघ बाजूला ठेवा आणि रोजच्या व्हॉल्यूमचे खांब पाहा. ते दिवसागणिक बारीक होत असतील, तर ती माल नसल्याची खूण आहे.

भाव आणि व्हॉल्यूम दोन्ही धरणारी याच्या पुढची दोन मापं तर सर्किटमध्ये सरळ बंदच पडतात. मनी फ्लो इंडेक्स १४ दिवस सलग चढत्या भावात १०० वर जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. चायकिन मनी फ्लोमध्ये दिवसाच्या उच्च-नीच फरकानं भागायचं असतं. सर्किटला एकाच भावात सगळे सौदे झाले की उच्च आणि नीच एकच, म्हणजे भागाकार शून्यानं. सॉफ्टवेअर तिथं गुपचूप शून्य टाकतं आणि पुढची रेघ काढतं. म्हणून चार्टवर कोणतंही इंडिकेटर लावण्याआधी गेल्या २० सत्रांत उच्च आणि नीच भाव एकच असलेले दिवस किती, ते मोजा. चारपेक्षा जास्त निघाले तर त्या शेअरवर व्हॉल्यूमची इंडिकेटरं लावूच नका. ही मर्यादा कुठल्या नियमातली नाही, व्यवहारातली आहे; पण ती पाळली तर बरीच फसगत टळते.

आता शंभर टक्के डिलिव्हरी, म्हणजे विकले गेलेले सगळे शेअर खरंच घेणाऱ्याच्या खात्यात जाणं. २.४७ चे ३.७८ व्हायला ५ टक्क्यांची नऊ सर्किटं बरोबर लागतात, म्हणजे तुमच्या शेअरचा बँड (दिवसाची भावमर्यादा) ५ टक्क्यांचा आहे. त्यात डिलिव्हरी रोज पूर्ण, म्हणजे तो बहुधा ट्रेड-टू-ट्रेडमध्ये आहे. ब्रोकरच्या ॲपमध्ये नावापुढं एनएसईवर 'बीई' मालिका किंवा बीएसईवर 'टी' अथवा 'एक्सटी' गट दिसतो का पाहा. या प्रकारात त्याच दिवशी घेऊन विकायला बंदीच असते. झालेल्या प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची. त्यामुळं टक्केवारी १०० येते किंवा त्या रकान्यात नुसती रेघ असते. ती घेणाऱ्याच्या विश्वासाची पावती नाही, नियमाचा परिणाम आहे. ग्रुपवर तिचा स्क्रीनशॉट 'बडे खिलाडी माल जमा करतायत' म्हणून फिरतो, तेव्हा फिरवणाऱ्याला एकतर हे माहीत नसतं किंवा चांगलंच माहीत असतं.

शेअर या प्रकारात का टाकला, तेही त्याच पानावर सापडतं. एएसएम, जीएसएम, ईएसएम या एक्स्चेंजच्या देखरेखीच्या याद्या आहेत. भाव आणि व्हॉल्यूमची अस्वाभाविक हालचाल, कंपनीची तोळामासा आर्थिक स्थिती, अगदी छोटं बाजारमूल्य अशा कारणांनी शेअर त्यांत जातो. मग १०० टक्के मार्जिन (पूर्ण रक्कम आधी भरणं), लहान बँड, ट्रेड-टू-ट्रेड असे निर्बंध टप्प्याटप्प्यानं चढतात. जीएसएमच्या वरच्या टप्प्यांत तर आठवड्यातून एकदाच सौदे होतात. ऑर्डर टाकताना ॲप याची सूचना दाखवतं. आपण घाईत 'ओके' दाबून पुढं जातो.

साडेचार लाखांच्या रांगेकडे वळू, कारण तुमचं मन तिथंच अडकलेलं दिसतंय. डेप्थमध्ये (ॲपमधल्या लागून असलेल्या ऑर्डरींच्या तक्त्यात) वरच्या पाच भावांना किती शेअर लागलेत हे दिसतं आणि त्याच्या शेजारी एक बारीक रकाना असतो: ऑर्डरींची संख्या. तो वाचा. ४,५०,००० शेअर ६०० ऑर्डरींत वाटले असतील तर निदान माणसं तरी बरीच आहेत. तेच शेअर तीन ऑर्डरींत असतील तर रांग तिघांची आहे. ४,५०,००० गुणिले ३.७८ म्हणजे १७ लाख १ हजार रुपये. विकणारा नाही हे ज्याला आधीच ठाऊक आहे, कारण बाजारात फिरणारा बहुतेक माल त्याच्याच गोटात आहे, त्याचे हे पैसे दिवसभर नुसते अडकतात, खर्च होत नाहीत. साडेतीनला ऑर्डर आपोआप रद्द होते आणि पैसे मोकळे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रांग. अशी खोटी मागणी दाखवणं सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या २००३ च्या गैरव्यवहार प्रतिबंधक नियमांनुसार गुन्हा आहे, पण कारवाई होते ती बऱ्याच नंतर.

आणि तुमची ऑर्डर लागत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. एकाच भावाच्या रांगेत जो आधी आला त्याचा नंबर आधी. तुमचे चाळीस हजारांचे १०,५८२ शेअर साडेचार लाखांच्या मागे उभे आहेत. ते कधी लागतील? एकतर पुढचे साडेचार लाख पूर्ण भरतील इतका माल एका दिवसात कोणी बाजारात ओतेल, किंवा पुढच्या मोठ्या ऑर्डरी अचानक काढून घेतल्या जातील. आपल्या नमुन्यासारख्या, दिवसाला ९०० शेअर हलणाऱ्या बाजारात साडेचार लाख विकायला आणणारा कोण असेल, याचा विचार करा. म्हणजे ज्या दिवशी तुमची ऑर्डर पूर्ण लागेल, त्याच दिवशी परिस्थिती बदललेली असेल.

मग मागणी ओळखायची कशी? विकणारा समोर आल्यावर. पुरवठा आला, तो पचला आणि भाव टिकला, तरच मागणी होती असं म्हणता येतं. त्याआधी कोणतंही इंडिकेटर ते सांगू शकत नाही. म्हणून पाहायचा दिवस म्हणजे सर्किट उघडलेला दिवस आणि त्याच्यानंतरची तीन-चार सत्रं.

त्यासाठी वहीत किंवा मोबाइलच्या शीटमध्ये आठ रकाने आखा: तारीख, उच्च, नीच, बंद, शेअरची संख्या, सौद्यांची संख्या, रुपयांतली उलाढाल, डिलिव्हरी झालेले शेअर. हे सगळं एनएसई आणि बीएसई बाजार संपल्यावर रोज आपापल्या संकेतस्थळावर फुकट देतात, खातं लागत नाही. शेअर दोन्हीकडे असेल तर दोन्हीकडचे आकडे घ्या. एकीकडे शुकशुकाट आणि दुसरीकडे गर्दी असा प्रकार पेनी शेअरमध्ये नेहमीचाच. किमान २० सत्रं भरू द्या.

या वहीतून पहिली गोष्ट काढायची ती नेहमीचा व्हॉल्यूम. सरासरी काढू नका. १९ दिवस २,००० शेअर आणि एक दिवस ६,००,००० असेल तर सरासरी ३१,९०० येते, जी विसांपैकी एकाही दिवसाशी जुळत नाही. वीसही आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि दहाव्या-अकराव्याची सरासरी घ्या. उत्तर २,००० येईल आणि तेच खरं. शेअर शोधून देणाऱ्या स्क्रीनर ॲपमधला 'व्हॉल्यूम ब्रेकआउट' (व्हॉल्यूम अचानक वाढल्याचा इशारा) बहुतेक वेळा साध्या सरासरीवर चालतो, म्हणून तो अशा शेअरमध्ये भलत्या दिवशी वाजतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सौद्यामागं शेअर किती. ६,००,००० शेअर ४५ सौद्यांत हलले तर सौद्यामागं १३,३३३. हा मोजक्या हातांतला व्यवहार; कदाचित इकडून तिकडं फिरवलेलाही. तेच ६,००,००० शेअर २,४०० सौद्यांत हलले तर सौद्यामागं २५०, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी छोटी माणसं आली. ऐकून बरं वाटतं, पण भाव आधीच दीडपट झाल्यावर छोट्या सौद्यांचा पूर आला असेल तर त्यांना माल पुरवणारा कोणीतरी मोठा असतो. तो कोण, याचा थोडा सुगावा 'बल्क डील'च्या यादीत लागतो. कंपनीच्या एकूण शेअरच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त व्यवहार एका दिवसात केलेल्याचं नाव त्याच संध्याकाळी तिथं येतं. त्याच त्या दोन-तीन नावांनी आज घेतलं, परवा विकलं, असं दिसलं तर तो शेअर वहीतून काढून टाका.

डिलिव्हरी पाहायची ती टक्क्यांत नव्हे, आकड्यात. तीही शेअर साध्या 'ईक्यू' मालिकेत असेल तरच. एका दिवशी ५,००,००० चा व्हॉल्यूम आणि १८ टक्के डिलिव्हरी म्हणजे ९०,००० शेअर घरी गेले. दुसऱ्या दिवशी ६०,००० चा व्हॉल्यूम आणि ९० टक्के डिलिव्हरी म्हणजे ५४,०००. टक्का पाचपट झाला, घरी गेलेला माल मात्र घटला. आणि घरी गेलेला मालही कायमचा गेला असं नाही. आज अ ने ब ला, उद्या ब ने क ला, परवा क ने अ ला विकलं तरी तिन्ही दिवस डिलिव्हरी पक्कीच दिसते.

बंद भावाबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण ओबीव्हीची फसवणूक इथंच स्वस्तात होते. एक्स्चेंजवरचा बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांचा भारित सरासरी भाव. समजा कालचा बंद ३.६५. आज दिवसभर ८०,००० शेअर ३.६० च्या आसपास विकले गेले, म्हणजे माल पडत होता. शेवटच्या अर्ध्या तासात कोणी २०० शेअर ३.६६ ला उचलले आणि दुसरा सौदाच झाला नाही. बंद भाव ३.६६, कालच्यापेक्षा एक पैसा वर. ओबीव्हीत अख्खे ८०,००० जमेला! खर्च ७३२ रुपये. चायकिनची रेघही त्याच बंद भावावर उभी असल्यामुळं तीही फसते. तपासणी सोपी आहे: दिवसाच्या रुपयांतल्या उलाढालीला शेअरच्या संख्येनं भागा. इथं उत्तर ३.६० येईल. बंद भाव या सरासरीपेक्षा एक-दीड टक्क्यानं वर, आणि असं आठवड्यातून तीन-चारदा होत असेल, तर शेवटचा अर्धा तास कोणीतरी सांभाळतंय असं समजा.

आता सर्किट उघडलेला दिवस. तुमच्या शेअरला ३.७८ च्या बंद भावावर वरची मर्यादा ३.९६, खालची ३.६०. समजा भाव ३.९६ ला उघडला, ३.६५ पर्यंत आला आणि व्हॉल्यूम नेहमीच्या वीसपट झाला. बंद भाव दिवसाच्या पट्ट्यात कुठं आला ते काढा: बंद वजा नीच, भागिले उच्च वजा नीच. बंद ३.७० असेल तर ०.०५ भागिले ०.३१, म्हणजे ०.१६, विकणाऱ्यांची सरशी झाली. बंद ३.९० असेल तर ०.८१, आलेला माल घेणाऱ्यांनी पचवला. एका दिवसावरून ठरवू नका. त्या दिवसापासूनची एकूण उलाढाल भागिले एकूण शेअर, अशी चढती सरासरी रोज काढत जा. त्या दिवसापासून घेणाऱ्यांना शेअर सरासरी कितीला पडला, ते यातून कळतं. पुढची चार सत्रं भाव या सरासरीच्या वर राहिला, व्हॉल्यूम सर्किटच्या आधीच्या पातळीपेक्षा वरच राहिला आणि खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर दीड टक्क्याच्या आत आलं, तर मागणी आहे असं म्हणायला आधार मिळतो. ओबीव्ही, चायकिन लावायचे तर आता लावा, कारण आता त्यांना मोजायला काहीतरी आहे. सरासरीच्या खाली दोन दिवस बंद झाला तर नव्यानं आलेले सगळे तोट्यात आहेत आणि बाहेर पडायची वाट पाहतायत.

एक रुपयाच्या आसपासच्या आणि त्याखालच्या शेअरला हेही नीट लागू होत नाही. भाव किमान एक पैशानं हलतो. साठ पैशांच्या शेअरला एक पैसा म्हणजेच १.६७ टक्के, आणि ५ टक्क्यांच्या बँडमध्ये वर जायला तीनच पायऱ्या. तिथं इंडिकेटर काढणं सोडूनच द्या.

पुरवठा येणार कधी, याचा अंदाज मात्र चार्टबाहेर मिळतो, आणि तो इंडिकेटरपेक्षा कितीतरी कामाचा. कंपनी दर तिमाहीनंतर २१ दिवसांच्या आत भागधारकांचा तक्ता एक्स्चेंजला देते. त्यात प्रवर्तकांचा (कंपनी ज्यांच्या ताब्यात असते त्यांचा) हिस्सा, त्यातला गहाण किती, आणि एक टक्क्याच्या वर शेअर असलेल्या बाहेरच्या प्रत्येकाचं नाव असतं. मागच्या चार तिमाहींचे तक्ते शेजारी ठेवा. प्रवर्तक ४५ वरून ३१ टक्क्यांवर आले असतील तर तुम्हाला माल कोण देणार हे कळलंच. त्यानंतर कंपनीच्या घोषणांमध्ये प्रेफरन्शियल वाटप (निवडक लोकांना ठरलेल्या भावात दिलेले शेअर) आणि वॉरंट (पुढं ठरलेल्या भावात शेअर घ्यायचा हक्क) शोधा. प्रवर्तक नसलेल्यांना असे दिलेले शेअर साधारण सहा महिने विकता येत नाहीत. वॉरंटला २५ टक्के रक्कम आधी भरून बाकीची १८ महिन्यांत भरायची मुभा असते. कोणाला १.२० रुपयांना शेअर मिळालेत आणि त्यांची बंदी पुढच्या महिन्यात सुटणार, असं दिसलं तर ३.७८ चा भाव कोणासाठी उभा केलाय ते वेगळं सांगायला नको. घोषणांतच कधीकधी एक्स्चेंजने विचारलेला खुलासाही असतो: भाव एवढा का वाढला? कंपनीचं उत्तर 'आम्ही न कळवलेली कोणतीही माहिती नाही' असं असेल, तर ग्रुपवर सांगतात ती 'मोठी ऑर्डर मिळणार' ही बातमी कंपनीलाच माहीत नाही.

आणि मागणी खरी असली म्हणून तुमचा पैसा सुटेलच असंही नाही. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरच्या प्रकरणात सेबीचा २ मार्च २०२३ चा अंतरिम आदेश आहे. यूट्यूबवर दिशाभूल करणारे व्हिडिओ आले, आणि छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ झाली. त्रेपन्न हजार माणसांची मागणी अगदी खरी होती. त्यांनी खऱ्या पैशांनी शेअर घेतले. सेबीच्या म्हणण्यानुसार त्याच काळात काही प्रवर्तक भागधारकांनी आणि इतर मोठ्यांनी फुगलेल्या भावात आपला माल विकून नफा काढला. म्हणून 'मागणी खरी का' या तुमच्या प्रश्नापेक्षा 'माल कोणाकडून येतोय' हा प्रश्न जास्त मोलाचा.

तुमच्या चाळीस हजारांचं काय, तेही सांगतो. यात घालू नका. ज्या पैशाला ठरलेली तारीख आहे त्याला सर्किटच्या शेअरमध्ये जागा नाही, कारण इथं विकायची तारीख तुमच्या हातात नसते. ट्रेड-टू-ट्रेडमध्ये सोमवारी घेतलेला शेअर मंगळवारी खात्यात येईपर्यंत विकता येत नाही, व्यवहारात बुधवार उजाडतो. तेवढ्यात लोअर सर्किट (घसरणीची दिवसाची मर्यादा) लागलं तर स्टॉप लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकायची ऑर्डर) ट्रिगर होतो आणि घेणारा नसल्यामुळं तसाच पडून राहतो. ५ टक्क्यांची दहा लोअर सर्किटं लागोपाठ लागली की शंभराचे साठ उरतात. मे महिन्याच्या शेवटी असं झालं तर बियाणं उधारीवर घ्यावं लागेल, आणि कृषी केंद्रवाला उधारीचा भाव वेगळा लावतो हे तुम्हाला माहीत आहे.

तरी शिकायचंच असेल तर दीड-दोन हजारांच्या वर जाऊ नका, तेही सर्किट उघडून चार सत्रं झाल्यावर. रकमेशिवाय आणखी एक मर्यादा ठेवा: तुमच्याकडचे एकूण शेअर हे नेहमीच्या दिवसाच्या डिलिव्हरीच्या पाच टक्क्यांच्या आत हवेत. रोज २,००० शेअरची डिलिव्हरी होत असेल तर तुमचे १००. हा आकडा हास्यास्पद लहान वाटला तर शेअरच तुमच्या कामाचा नाही असं समजा. ऑर्डर कायम लिमिट, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या भावाची टाका. विरळ बाजारात मार्केट ऑर्डर ३.६० ची म्हणून टाकलेली ३.७५ ला लागते. विकताना दर दिवशी प्रत्येक कंपनीमागं डीपी शुल्क (डिमॅट खात्यातून शेअर काढायचं शुल्क) लागतं, ब्रोकरप्रमाणं साधारण पंधरा-वीस रुपये. घेणारे नाहीत म्हणून पाच दिवस तुकड्या-तुकड्यानं विकलं तर ते पाचदा कापलं जातं. शिवाय दोन्ही बाजूंना ०.१ टक्का एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर). डीडीपीआय (विकलेले शेअर खात्यातून काढायची ब्रोकरला दिलेली परवानगी) भरून दिलेला नसेल तर विकताना दरवेळी टीपिन आणि ओटीपी लागतो. गावात सकाळी रेंज नसते तेव्हा लोअर सर्किटच्या रांगेत नंबर मागे पडायला तेवढं पुरेसं आहे, म्हणून डीडीपीआय आधीच देऊन ठेवा.

ग्रुपची १,५०० रुपये फी भरू नका. पैसे घेऊन शेअर सुचवणाऱ्याला सेबीकडं रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते आणि तिचा क्रमांक 'आयएनएच' या अक्षरांनी सुरू होतो. ग्रुप चालवणाऱ्याला तो क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव तपासा. ज्या नावाच्या खात्यात फी मागतोय ते नाव आणि नोंदणीतलं नाव एकच आहे का, हेही पाहा. दुसऱ्याचा क्रमांक छापून चालवलेले ग्रुप कमी नाहीत. नोंदणी असली तरी 'इतके टक्के नक्की' असं आश्वासन द्यायला त्याला परवानगी नाही. क्रमांक मागितल्यावर तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकलं तर आधीच काढून ठेवलेले स्क्रीनशॉट, फी मागितल्याचा मेसेज आणि यूपीआय आयडी जोडून सेबीला कळवा. कसं कळवायचं ते समजलं नाही तर १८०० २६६ ७५७५ हा सेबीचा मोफत क्रमांक आहे. गावातली बाकीची पोरं अजून रोज सकाळी ऑर्डर टाकत असतील, तर त्यांना आज डेप्थमधला ऑर्डर-संख्येचा रकाना तेवढा दाखवा.